फडातली पिवळी पाठ

बोट्स्वानाच्या सफारीची आखणी करायला मैत्रिणी माझ्या नाशिकच्या घरी जमल्या होत्या. "प्राणी हेरायचं काम तुझं. प्राणिशास्त्राच्या डॉक्टरबाई ना तुम्ही!" असे म्हणत नेहाने उसाचे करवे पुढे सरकवले. त्या ओल्या, गोड वासासरशी मी निफाडला, मामांच्या मळ्यात पोहोचले.

मी दहा वर्षांची होते. ऊसतोड संपत आली होती. उभ्या राहिलेल्या शेवटच्या पट्ट्यात काहीतरी अडकून सळसळत होते. आठवड्यापूर्वीच बिबट्याने वस्तीवरची शेळी नेली होती. पिवळसर पाठ दिसताच मी सर्वांआधी ओरडले, "मामा, बिबट्याचं पिल्लू!"

कोयते आणि काठ्या घेऊन माणसे धावली. "मागून घे! सुटला नाय पायजे!" एक किंकाळी उठली, ती तुटली, तरी काठ्या पडतच राहिल्या. पाचटावर रक्ताचे शिंतोडे उडाले. मामांनी माझी पाठ थोपटली. "लय तेज नजर हाय पोरीची!"

मी जवळ गेले. त्या अंगावर एकही ठिपका नव्हता. कानांच्या टोकांना काळे केस होते, शेपूट आखूड होते. ते रानमांजर होते. माझ्या पुस्तकात त्याचे चित्र होते. मी गप्प राहिले आणि शाबासकी घेतली.

कित्येक वर्षे मी ती ओळखण्यातली चूक मानली. पण ओळख बरोबर असती, तरी काठ्या तशाच पडल्या असत्या. चूक ओरडण्यात होती.

"हेरायचं काम गाइडला दे," मी नेहाला म्हणाले. "मला दिसलं, तरी मी सांगणार नाही."