बाईंनी मला माफी मागायला लावली

बिराजदार बाई गेल्या तेव्हा मी शाळेत बसून कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होते. त्यांच्या सुनेचा फोन आला. "आई गेल्या ओ सकाळी," एवढंच ती म्हणाली. रेंज कशीबशी आली होती, म्हणून मी उरलेले दोन रकाने भरून टाकले आणि मग रडले. त्याला आता महिना होत आला. जाण्याच्या आठवडाभर आधी बाईंनी फोन करून विचारलं होतं, "येतीस का एकदा?" मी म्हटलं होतं, पुढच्या रविवारी नक्की...

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरावासाठी मला अणदूरकडच्या एका वस्तीवरची शाळा मिळाली. तिथं बाई दुसरीला शिकवायच्या. मी वही घेऊन बसायचे आणि त्यांचं बघून लिहायचे. लिहिण्यासारखं फार सापडायचं नाही. बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. पोर बोलेपर्यंत खिडकीबाहेरसुद्धा बघायच्या नाहीत. मला ते आळशीपणाचं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्ग माझ्या हाती दिला. मी चित्रं दाखवत होते. तांब्याचं चित्र धरून विचारलं, "यात काय असतं?" महादेवी नावाची मुलगी उठून म्हणाली, "नीरु." तिच्या घरी कानडी बोलत, आणि कानडीत पाण्याला नीरु म्हणतात. पोरं खदखदून हसली. त्यांच्याबरोबर मीही हसले. बाई मागं बसून बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून महादेवी आली नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, "चप्पल घाल. तिच्या घरी जायचंय."

"काय सांगायचं तिच्या आईला?"

"आईला काही न्हाय. पोरीची माफी मागायची."

मला राग आला होता. सात वर्षांच्या मुलीची माफी? पण गेले. दारात महादेवी आईच्या पदराआड उभी होती. मी कसंबसं म्हटलं, "मी हसायला नको होतं गं. चुकलं माझं." ती आत पळाली. मी बाईंकडं बघितलं, त्या वर्गात राहायच्या तशाच उभ्या होत्या. बराच वेळ गेला. मग महादेवी तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "नीरु." आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"नीरु," मी म्हटलं.

"न्हाय तसं. नीऽरु."

मी पुन्हा म्हटलं. तेव्हा कुठं ती हसली, आणि तिची आईही.

परत येताना बाई कौतुकाचं किंवा शहाणपणाचं काही बोलतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "पाय उचल, एसटी चुकंल." दुसऱ्या दिवशी महादेवी शाळेत आली.

आता मीही पंधरा वर्षं शिकवतेय. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि न संपणारे तक्ते. खरं सांगायचं तर थकलेय. त्या रविवारी गेले असते तर बाईंना हेच विचारणार होते, तुम्ही थकत नव्हता का? ते राहूनच गेलं.

बाईंची एक सवय तेवढी अंगाला चिकटलीय. पोरं यायच्या आधी त्या शेवटच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसायच्या आणि तिथून फळ्यावरचं वाचता येतंय का, ते बघायच्या. मीही रोज बसते. परवा बसले, आणि उठावंसंच वाटेना. पोरं आत आली, दप्तरं ठेवली. एक मुलगी माझ्याजवळ येऊन थांबली.

"बाई, आज तुमी खालीच बसलाव?"

"व्हय," मी म्हटलं.

ती जराशी सरकली आणि माझ्या शेजारी बसली.