जावयाला जालना दाखवताना

जालन्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे मला तोंडपाठ आहे. एप्रिल-मे महिन्यात येऊ नका. आलातच तर अकरा ते पाच बाहेर पडू नका. डोक्याला रुमाल बांधा, नुसती टोपी चालायची नाही, कान झाकले गेले पाहिजेत. रिक्षात बसण्याआधी कुठं उतरायचं ते नीट सांगा, नुसतं "जुना जालना" म्हटलंत तर नदी ओलांडून कुठंही सोडून देईल. पत्ता विचारलात तर "हे काय, पुढंच हाय" असं उत्तर मिळेल. ते पुढं चार पावलांवर असतं किंवा दोन किलोमीटरवर, चालून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी ठेचा खाऊ नका. आणि नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा बादली जपून वापरा.

ही टेप मी नोकरीभर वाजवली. बियाण्यांच्या एका कंपनीत मी ऑफिसात होतो. बाहेरून कुणी शेतातले प्लॉट बघायला आलं, कुणी प्रशिक्षणाला आलं, की स्टेशनवर घ्यायला मीच जायचो, कारण मला हिंदी बरी यायची आणि मला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. पाहुणा गाडीत बसला की टेप सुरू. शेवटी शेवटी तर माझं तोंड बोलत असायचं आणि डोकं घरी जाऊन पडलेलं असायचं. एकदा बायको गाडीत मागं बसली होती. पाहुण्याला सोडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला जालना दाखवून राह्यलात का भेव घालून राह्यलात?"

मी हसलो होतो. कारण ती आमच्याकडची रीतच आहे, आणि ती तिला माझ्याइतकीच माहीत होती. आपलं ते पाहुण्यापुढं कमी करून सांगायचं. ताटात पाच पदार्थ वाढायचे आणि म्हणायचं, "काही केलं नाही हो, आपली भाजी-भाकरी आहे." मग पाहुण्यानं म्हणायचं, "अहो, किती केलंत!" तिथं यजमानाचा जीव भांड्यात पडतो. मी तिला बघायला धावड्याला गेलो, तेव्हा माझे होणारे सासरे मला शेतात घेऊन गेले होते. खांद्याला लागेल एवढी कपाशी उभी, आणि हे हात झटकून म्हणाले, "यंदा काय न्हाई हो, समदं वाया गेलं." मी म्हणालो, "मामा, अशी कपाशी आमच्याकडं कुणाची नाही." लग्न तिथंच जमलं, असं बायको शेवटपर्यंत सांगायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आता मी निवृत्त आहे, घरात एकटा आहे, आणि खिचडी कशी करायची हे मला नको तितकं चांगलं येतं.

मागच्या मार्चमध्ये लेकीचा पुण्याहून फोन आला. ती आणि जावई दोघंही दातांचे डॉक्टर. जुन्या जालन्यात तिच्या लहानपणापासून दात बघणारे एक वयस्कर डॉक्टर दवाखाना बंद करणार होते, आणि तो त्यांनी तिला चालवायला देऊ केला होता. खुर्ची, यंत्रं, पेशंट, सगळं तयार. "मी तयार आहे, पप्पा," ती म्हणाली. "पण ह्यांनी जालना पाहिलेलंच नाही. लग्न पुण्यात झालं, आईच्या वेळी दोन दिवस आले ते घराबाहेर पडले नाहीत. एप्रिलमध्ये चार दिवस येतो. त्यांना गाव दाखवा. मग काय ते ठरवू."

मला ती यायला हवी होती. पोटातून हवी होती. फोन ठेवल्यावर मी वरची खोली उघडली, दोन दिवस जाळ्या काढल्या, रंग दिला. मग एक मोठी पाण्याची टाकी आणली आणि गच्चीवर जुनीच्या शेजारी बसवून घेतली, कारण एका टाकीत माझं भागतं, तिघांचं भागणार नाही. प्लंबर म्हणाला, "काका, येकट्या माणसाला येवढं पानी कशाला?" मी म्हणालो, "लेक येऊन राह्यली." बाजारात जाण्याआधी दोनदा गच्चीवर जाऊन मी ती टाकी बघून आलो.

जावई कोकणातले. बोलायला थोडे, ऐकायला चांगले. स्टेशनवरून निघालो आणि माझी टेप सुरू झाली. मी थांबवायला पाहिजे होती, पण इतक्या वर्षांच्या सवयीला बटण नसतं. ऊन, रुमाल, रिक्षा, ठेचा. स्टीलच्या कारखान्यांकडून वारं आलं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे कसे काळे होतात, तेही सांगितलं. लेक मागं हसत होती, तिनं हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. जावई मान डोलावत होते.

"आणि पाण्याचं कसं?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं विचारू नका," मी म्हणालो. "आठ दिवसांनी येतं, कधी दहा. आलं की सगळी कामं सोडून भरत बसायचं."

टाकीचं बोललो नाही. स्वतःच्या घरात आपण काय करून ठेवलंय हे आपल्या तोंडानं सांगायचं म्हणजे बढाई. ते कधीतरी गच्चीवर जातील, बघतील, विचारतील, मग मी म्हणेन, "हे काय, असंच बसवलीय." असं माझ्या डोक्यात होतं. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कोण जातं? मीच त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि वरची खोली तापते म्हणून बिछानेही खालीच घातले होते.

ते चार दिवस मी आता पुन्हा पुन्हा आठवतो. खरं म्हणजे त्यांना आवडत होतं. पहाटे पाचला उठून ते मोती तलावापर्यंत चालत जायचे. येताना मोसंबी आणायचे. मी म्हणायचो, "ह्या दिवसांत मोसंबीत काही दम नाही." ते मान डोलवायचे आणि सोलून खायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठेचा मागून घेतला, डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी घेतला. "बाधेल," मी म्हणालो. कापडाच्या एका दुकानदाराशी त्यांची अशी गट्टी जमली की त्यानं ह्यांना आत बसवून चहा पाजला. "गिऱ्हाईक बघून गोड बोलतात हो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दवाखाना बघायला गेलो. ते वयस्कर डॉक्टर लेकीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "आता तूच बघ बाई." जावयांनी खुर्ची वरखाली करून पाहिली, खिडकी उघडली, खालच्या गल्लीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन म्हणालो, "गल्ली अरुंद आहे. गाडी लावायला जागा नाही. समोर धान्याची दुकानं, सकाळी हमालांचा गोंधळ असतो. पुण्याची सर कशी येणार?"

मी थांबलो. ते म्हणतील, छे हो, चांगलं आहे की. एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. मी तीन दिवस त्या एका वाक्याची वाट बघत होतो, सासऱ्यांनी कपाशीत उभं राहून बघितली तशी.

ते म्हणाले, "हो, बरोबर आहे तुमचं."

निघताना मी स्टेशनवर दोघांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि डबा दिला. "काही नाही, धपाटे आहेत," म्हणालो. गाडी हलली तेव्हा जावयांनी खिडकीतून हात जोडले.

आठवड्याभरानं लेकीचा फोन आला. दवाखान्याला त्यांनी नकार कळवला होता. मी म्हणालो, "बराबर केलंत. इथं उन्हात काय करणार होता तुम्ही?" माझा आवाज व्यवस्थित होता. माणूस इतकं थकलं की आवाज आपोआप व्यवस्थित निघतो.

ती म्हणाली, "पप्पा, उन्हामुळं नाही. ह्यांना जालना आवडलं होतं. दवाखानाही आवडला होता. पाटी कशी करायची हे तिकडं येताना गाडीतच ठरवलं होतं त्यांनी."

"मग?"

"ते म्हणतात, तुझ्या वडिलांना आपण यायला नको आहोत. आमच्याकडं कोकणात कुणी येऊ नये असं वाटलं की तोंडावर नाही म्हणत नाहीत, अशाच अडचणी सांगतात. चार दिवस तुझे वडील सभ्यपणे तेच सांगत होते. म्हणून हे तुमच्या होला हो म्हणत राहिले."

"अगं, पण तुला माहीत आहे. आपल्यात असंच बोलतात."

"माहीत आहे. मी त्यांना तेच सांगितलं. पण मग मलाही वाटायला लागलं, पप्पा. आई गेल्यापासून तुम्हाला एकटं राहायची सवय झालीय, आपण त्यात कशाला पडा. तुम्ही चार दिवसांत एकदा तरी 'या' म्हणालात का?"

मी आठवून बघितलं. उभ्यानंच, भिंतीला हात लावून, स्टेशनपासून स्टेशनपर्यंत. नव्हतो म्हणालो. मला वाटलं होतं ते न सांगता कळेल. माझ्या बायकोला कळायचं.

"वरच्या खोलीला रंग दिलाय," मी म्हणालो.

"काय?"

"गच्चीवर दुसरी टाकी बसवलीय. मोठी. तुम्हाला पाणी पुरावं म्हणून."

"कधी बसवली?"

"तुम्ही यायच्या आधी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि त्यांनी पाण्याचं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं नाही?"

"आपणच कसं सांगायचं?"

"असं सांगायचं, पप्पा," ती रडत म्हणाली. "आत्ता सांगितलं तसं."

"मग या," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा पुढं काही जोडलं नाही, ऊन नाही, धूर नाही, काही नाही. "तुम्ही दोघं या. मला इथं एकट्याला करमत नाही."

तिनं त्याच दिवशी त्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी नकार आल्यावर दुसऱ्याला शब्द देऊन टाकला होता, आणि ते शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. आता तिथं वाटूरकडच्या एका मुलाची पाटी आहे. मी त्या गल्लीतून जाणं सोडून दिलंय. लेक म्हणते, दुसरी काहीतरी जागा मिळेल, आम्ही बघतोय. जावई अधूनमधून स्वतः फोन करतात, मोसंबी कशी आहे विचारतात, आणि मी चांगली आहे म्हणतो.

ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी मी मोटर लावून गच्चीवर उभा राहतो. आधी जुनी टाकी भरते. मला एकट्याला ती पुढचं पाणी येईपर्यंत पुरते. मग मी कॉक फिरवतो आणि दुसरीही भरून घेतो. त्या पाण्याला कुणी हात लावत नाही, म्हणून पुढच्या पाळीला मी ते झाडांना सोडतो आणि टाकी पुन्हा ताजी भरतो.