दोधूआबांचं खाकरणं

दोधूआबा घरात शिरण्याआधी खाकरतात. पायरीशी चपला काढताना एकदा आणि ओसरीवर पाऊल टाकताना पुन्हा एकदा. घसा अगदी स्वच्छ असतो हो त्यांचा! पण त्यांच्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच केलं. आत सूनबाई पदर खांद्यावर टाकून निवांत बसलेली असेल, बायको माहेरच्या आठवणीनं डोळे पुसत असेल. घर आपलं, दार आपलं, तरी आतल्या माणसाला सावरायला दोन श्वासांची सवड द्यायची. न खाकरता घरात येतो तो एक तर चोर, नाहीतर मांजर, असं आबांचे वडील म्हणायचे.

शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे निघालं की उसाच्या फडांतून एक रस्ता आत वळतो, त्या रस्त्यावर आबांचं गाव. केळीची बाग, गोठ्यात कपिला गाय, ओसरीवर झोका. शाळा गावातलीच, सातवीपर्यंत. पण गोष्टी सांगायला बसले की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. एकदा एस.टी.ची वाट पाहताना त्यांनी गोष्ट सुरू केली, एस.टी. आली आणि गेली, आणि ऐकणारे दोघे तिथेच बसून राहिले. कोणतीही गोष्ट आबांच्या पोटात रात्रभर टिकली नाही. अशा माणसाच्या हाती सुनेचं गुपित पडलं, आणि ते कधी आणि कुणाला सांगायचं हे तिचं तिला ठरवू देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. ती सून, प्रतिभा, आता स्वतःच सारं सांगते, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

आबांचा मुलगा हेमकांत साखर कारखान्यात नोकरीला. त्यानं घरात एक टॅब आणून ठेवला. आबा त्याला पाटी म्हणतात. पाटीची जागा ओसरीवरच्या कोनाड्यात. सकाळी आबा तिच्यावर केळीचे भाव पाहायचे, दुपारी त्यांची बायको गजराबाई कीर्तन ऐकायच्या. त्या हिवाळ्यात प्रतिभाच्या फोनची काच फुटली, तेव्हापासून तीही कामं उरकल्यावर पाटी आत न्यायची.

कुठलंही पान उघडलं की पाटीवर एक चौकट यायची. आम्ही कुकीज वापरतो, स्वीकारता का? आबा दर वेळी ‘स्वीकारा’ दाबायचे.

गजराबाईंनी एकदा विचारलं, “काय ते घडीघडी दाबतस?”

“दारशे कोनी हात जोडीसन ऊना, तं त्याले नही म्हनानं नही,” आबा म्हणाले. मग आतल्या दाराकडे तोंड करून, “बेटा, तू बी हाच दाबत जाय. आपला घरनी रीत शे ती.”

आणि सुनेनं सासऱ्याचं ऐकलं. दारात आलेल्याला पाणी विचारावं, तसं दोघांनी आल्या-गेल्या प्रत्येक साइटला हो म्हटलं.

मग एके सकाळी केळीच्या भावाखाली केसांचा टोप दिसला. खऱ्या केसांचा, धुता येणारा, घरपोच. आबा पाटी घेऊन पारावर बसले होते, शेजारी बालमित्र रेवजी.

“आबा, पाटीले बी कळनं! तुमनं टकलं चमकी ऱ्हायनं!”

“टोपी घालीसन बठेल व्हतू रे, तरी तिले कसं दिखनं?”

पार हसला. झालं, आबांना गोष्ट मिळाली! डेअरीवर सांगितली, मारुतीच्या ओट्यावर सांगितली, आणि रात्री जेवताना घरात सांगितली. हेमकांत हसला, गजराबाई हसल्या. प्रतिभा मात्र भाकरी वाढता वाढता थांबली आणि तशीच आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, म्हणून आबांना वाटलं, तिला घाई असेल.

दोन-तीन दिवसांनी पारावर पुन्हा भाव पाहणं चाललं होतं. या वेळी खाली एका बाईचं चित्र होतं. रेवजी शाळेत वाचायचा तसा एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागला. “स्तनातली गाठ? घाबरू नका, लवकर तपासा.” त्याच्याखाली तेच टोप, आणि आता त्यांच्यावर लिहिलं होतं: उपचारांत केस गळाल्यास.

रेवजी हसला नाही. आवाज खाली घेऊन म्हणाला, “आबा, तुमना घरमा कोन्ले काही...?”

आबांनी पाटी मांडीवर पालथी घातली. त्यांना करपलेली भाकरी आठवली. प्रतिभा मागच्या महिन्यात दोनदा ‘बहिणीकडे जाऊन येते’ म्हणून नंदुरबारला गेली होती, आणि दोन्ही वेळा आल्यावर न बोलता न्हाणीत बराच वेळ बसली होती, तेही आठवलं.

“काही नही रे. मशीन शे, बरळस ते,” एवढंच बोलून ते उठले. आबांच्या तोंडून इतकी लहान गोष्ट पारानं कधी ऐकली नव्हती.

गावात त्या दुखण्याचं नाव एकदा निघालं की काय होतं, ते आबांनी घरातच पाहिलं होतं. गजराबाईंची धाकटी बहीण रमिलाबाई त्यातच गेली. तिच्या अंगणात बायांची रीघ लागायची. यायच्या, खाटेशी बसायच्या, पदर तोंडाला लावायच्या. रमिलाबाई शेवटी म्हणाली होती, “माले जित्तीच जाळी ऱ्हायन्यात ह्या.” तिच्या उशाशी तेव्हा प्रतिभाच होती. तिनं ते ऐकलं होतं. आपली गाठ ती का झाकून ठेवते आहे, हे आबांना कुणी समजावण्याची गरज नव्हती.

आबा घरी गेलेच नाहीत. पाटी पिशवीत घालून त्यांनी थेट शहादा गाठलं. स्टँडमागे त्यांच्या भाच्याचं, नवनीतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

“नवनीत, ही पाटी मन्हा घरनं गावले सांगी ऱ्हायनी. कोन सांगस तिले?”

नवनीतनं आधी चहा मागवला, मग विचारलं, “मामा, तुम्ही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाता ना? समजा, तिथं एक दलाल आहे, आणि त्याची माणसं प्रत्येक दुकानात उभी आहेत. तुम्ही एका दुकानात नुसता लगाम हातात घेतला, की त्याच्या माणसानं तुमच्या पाठीवर खडूनं खूण केली. पुढच्या दुकानात गेलात, तर तिथला माणूस खूण पाहूनच ओरडतो, ‘या, घोडा घ्यायचाय ना?’ ती खूण म्हणजे कुकी. साइटची स्वतःचीही एक असते, तुम्हाला ओळखायला, तिचं फार काही नाही. पण हे दलाल प्रत्येक दुकानात उभे असतात.”

“आनि खून करू का म्हनी इचारतस ते...”

“त्यालाच तुम्ही हो म्हणत आलात. आणि त्यांना हात कुणाचा ते कळत नाही, मामा. पाटी एक, तिची पाठ एक. घरातलं कुणीही काहीही पाहू दे, खूण पाटीवरच होते.”

आबांना आपलंच बोलणं आठवलं. रीत म्हणून सुनेला आपणच शिकवलं होतं, ‘हाच दाबत जाय.’

नवनीतनं पाटी हातात घेतली. “आजवर कुणी काय काय शोधलं, त्याची यादी आहे आत. दाखवू?”

एक बोट लावलं की सगळं कळलं असतं. कोणती गाठ, किती दिवसांची, कोणता दवाखाना. आबांची नजर पाटीकडे गेली. आणि मग, तिथं ना दार होतं ना पायरी, तरी आबा मोठ्यानं खाकरले आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

“न वाचता पुसता येस का?”

“येतं.”

“मंग पुस. आनि माले शिकाड.”

नवनीतनं आधीच्या खुणा आणि यादी पुसली, बाहेरच्या दलालांच्या कुकीज बंद केल्या, आवडीनुसार येणाऱ्या जाहिराती थांबवल्या. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नाकारा’ असतं, ते दाखवलं. खाजगी खिडकी कशी उघडायची तेही शिकवलं. ती मिटली की आतलं काही मागे राहत नाही. प्रत्येक गोष्ट त्यानं आबांच्या बोटानं करून घेतली. आणि शेवटी खरं तेही सांगितलं, “मामा, हा आडोसा घरातल्यांपासूनचा. साइटवाल्याला, नेटवाल्याला दिसायचं ते दिसतंच.”

“आज घरनासपाईनच पाहिजे,” आबा म्हणाले.

परतले तर ओसरीवर रेवजीची बायको शोभाबाई बसलेली. चेहरा तोच, रमिलाबाईच्या खाटेशी बसणाऱ्या बायांचा. आबा पायरीशी खाकरले, ओसरीवर खाकरले.

शोभाबाई गजराबाईंना म्हणत होत्या, “प्रतिभानी तब्बेत बरी शे ना व? हाई म्हने पाटीवर काही...”

“तिले काय व्हयनं?” गजराबाईंनी विचारलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

आबा झोक्यावर बसले. टोपी मांडीवर ठेवली. आणि आयुष्यभर जे नुसतं करमणुकीसाठी केलं होतं, ते त्या दिवशी त्यांनी सुनेच्या दारात भिंत बांधावी तसं केलं.

“शोभाबाई, ती मन्ही करनी शे व! कपिलाना कासले गाठ ऊनी. डॉक्टर फोन उचले नही, म्हनीसन मी पाटीले इचारं. घाईमा ‘गाठ’ लिखं, आनि गाय लिखानं राही गयं! तवयपाईन ती येडी पाटी माले बायास्ना दवाखाना दाखाडस.”

“आनि ते केससना टोप?”

“ते तं मन्हासाठेच शेत. गाय टकली थोडी ऱ्हास!”

शोभाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण कपिलाची धार सकाळी गजराबाईंनीच काढली होती. कासेला ना गाठ होती ना सूज, आणि चरवी भरून दूध निघालं होतं. त्यांनी आबांकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. मग तांदूळ निवडता निवडता शोभाबाईंना म्हणाल्या, “हा ना व. हळदना लेप लायेल शे मी. बरी व्हई जाई.”

शोभाबाई गेल्यावर आबांनी पाटी कोनाड्यात ठेवली आणि आत न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाले, “नवनीतनी पाटी पुसी दिन्ही. कोनी काही वाचं नही. आते एक नवी खिडकी शे तिन्हामा. देखानं, मिटी देवानं, मांगे काही ऱ्हात नही. आनि ती चौकट ऊनी की नही म्हनानं. मन्हीच चूक व्हती ती.”

थोड्या वेळानं आतून भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढचे दिवस जड गेले. आबा पारावर जायचे, केळीचे भाव सांगायचे, आणि गोष्ट ओठांवर आली की तंबाखू मळायचे. घरात गजराबाई काही विचारत नव्हत्या, आबा काही सांगत नव्हते, आणि दोघं एकमेकांना चहा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळा विचारत होती.

मग प्रतिभा पुन्हा नंदुरबारला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा झोक्यावर होते, गजराबाई खाली बसून वाती वळत होत्या. तेवढ्यात आतून कुणीतरी खाकरलं. बारीक, बाईच्या गळ्याचं. क्षणभर आबांना कळेना, आपल्याच स्वयंपाकघरातून बाहेर येताना कोण खाकरतं! मग कळलं. त्यांनी झोका थांबवला, पाय खाली सोडले, टोपी नीट केली. गजराबाईंनी भरल्या डोळ्यांवरून पदर फिरवला. दोन श्वास गेले.

“ये बेटा,” आबा म्हणाले.

प्रतिभा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “आबा, आई, रिपोर्ट ऊना. छातीमा गाठ शे. चांगली नही शे. नाशिकले उपचार करना पडतीन. त्यास्ले काल सांगं मी. आते तुमले सांगी ऱ्हायनू. पन माले देखीसन कोनी रडानं नही.”

आबांना ठाऊक होतं. गजराबाईंना ठाऊक होतं. पण सुनेनं सांगितलेली गोष्ट दोघांनी पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली, मधे एक शब्द न बोलता. मग गजराबाईंनी तिला हात धरून जवळ बसवून घेतलं. कुणी रडलं नाही.

नाशिकच्या खेपा वर्षभर चालल्या. त्या वर्षभरात रेवजी रोज पारावर विचारायचा, “आबा, कपिलानी गाठ कशी शे?”

आबा सांगायचे, “आज ताप शे तिले.” कधी, “आज थोडा चारा खायनी.” कधी, “डॉक्टर म्हनना, उतार शे.”

कपिला तर पुढे भाकडही झाली होती आणि गोठ्यात मजेत रवंथ करत होती. रेवजीच्या वाटेवरच तो गोठा लागतो. पण तो रोज गाईचीच चौकशी करायचा. आणि विचारण्याआधी, मान दुसरीकडे वळवून, एकदा खाकरायचा.