थायरॉइडची बारकी गोळी

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. पेशंट चप्पल बाहेर काढतात आणि किस्सा आत घेऊन येतात!

यवतमाळजवळच्या नेरला सुनंदा मॅडमच्या दवाखान्यात मी कितीतरी वर्षं सिस्टर होते. बीपी घेणं, ईसीजी काढणं माझ्याकडे. ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं. कोणी थकलं, सुजलं, गप्प झालं की सगळे एकच म्हणायचे, "टेन्शन!" मॅडम तेवढ्या म्हणायच्या, "आधी नाडी बघू."

*

गंगाबाई कापूस वेचायला जायच्या. बीपीचा खालचा आकडा दोन गोळ्यांनीही उतरेना. मी मनातल्या मनात तिसरी गोळी लिहूनही टाकली होती. मॅडमनी विचारलं, "गंगाबाई, एवढ्या उन्हात स्वेटर काहून?"

"मले थंडी वाजते जी. बाया हासतात मले."

नाडी संथ, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. रक्त यवतमाळला पाठवलं. थायरॉइड मंदावलेलं! त्याची बारकी गोळी सुरू झाली. काही महिन्यांत बीपी उतरलं, मॅडमनी जुन्या दोन्ही गोळ्या एकेक करून बंद केल्या.

गंगाबाई काळजीत. "मॅडम, बीपी होतं तवा सून भाजी चिरून द्यायची. आता कोन देईन?"

*

रफीकचाचा स्कूटर मेकॅनिक. थायरॉइड मंद, वर छातीत दुखण्याचा जुना त्रास. मॅडमनी अर्धीच गोळी लिहिली. चाचा भडकले, "इत्तीसी? मेरे गॅरेज का स्क्रू इससे बडा रहता!"

"चाचा, कितीतरी दिवस बंद पडलेली गाडी चालू झाली की लगेच फुल रेस देता?"

"तौबा! इंजन बैठ जाएगा!"

"मग मी तुमच्या हृदयाला कशी देऊ?"

डोस हळूहळू, ईसीजी बघत बघत वाढवला. चाचांच्या छातीत एकदाही दुखलं नाही. पुढं वेटिंगमध्ये कोणी घाई केली की तेच ओरडायचे, "रेस मत दो भाई!"

*

वंदनाताई शाळेत शिकवायच्या. त्यांचा ईसीजी काढताना सुई नुसती नाचत होती. मशीन बिघडलं समजून मी त्याला दोन थापा मारल्या.

"मशीनला कायले मारतेस?" मॅडम म्हणाल्या. "त्यांचा घाम बघ. विचार, थायरॉइडच्या गोळ्या किती घेतल्या."

वंदनाताई रडायलाच लागल्या. पुतणीच्या लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून सासूच्या गोळ्या, रोज तीन! मॅडम रागावल्या नाहीत. त्या गोळ्या थांबवल्या, ठोके आवरायचं औषध दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. ठोके उतरल्यावर म्हणाल्या, "लग्नात तुम्ही नाचा. हृदयाला कशाला नाचवता?"

*

मॅडमचं स्वतःचं बीपी कधी कोणी बघितलंच नव्हतं. एकदा मी बळंच खुर्चीत बसवलं. चांगलंच वाढलेलं! मी लगेच हुशारी दाखवली, "मॅडम, थायरॉइड तपासायचं का?"

"ते आधीच तपासलंय. नाही गं, हे टेन्शनच आहे!"

*

कुसुमताईंचं माहेर नेरचं. नवऱ्याला, नामदेवरावांना, मारेगावहून घेऊन आल्या. माणूस सहा महिने धड बोललेला नव्हता. कापसानं मन खाल्लं, असं गाव म्हणे. कुसुमताईंनी भीतीनं फवारणीचं औषध शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं होतं. त्यात कोणीतरी एक्स-रे बघून सांगितलेलं, हृदय फार वाढलं, आता आशा नाही.

मॅडमनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. ठोके लांबून आल्यासारखे. यवतमाळच्या तपासणीत कळलं, हृदयाभोवती पाणी साचलंय आणि थायरॉइड पार मंदावलंय.

"पाणी ओसरेल, कुसुमताई, याच बारक्या गोळीनं. पण सावकाश."

दर महिन्याला दोघं एसटीनं यायचे. नामदेवराव भिंतीकडे बघत बसायचे. खरं सांगते, मीच आशा सोडली होती. मॅडम मात्र दर वेळी तितकाच वेळ ऐकायच्या.

पाचव्या महिन्यात मॅडमनी ऐकता ऐकता एकदम आपल्या कानातला स्टेथोस्कोप काढला आणि कुसुमताईंच्या कानांना लावला. "ऐका. ठोके जवळ आले."

त्या ऐकत राहिल्या. बाहेर पेशंट खोळंबले. कुसुमताईंच्या डोळ्यांना धारा लागलेल्या.

शेवटी नामदेवरावच म्हणाले, "एवढं काय आयकून राह्यली वं?"

"चुप बसा ना जी!" कुसुमताई म्हणाल्या. "ते बोलून राह्यलं!"