हजेरीचं दप्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि 'हे माझ्यापासून काही लपवत नाहीत' असं ती चारचौघांत सांगते, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो.

मी शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर मोडी वाचायला लागलो, आणि हल्ली मोडी वाचणाऱ्याला काय भाव आलाय ते तुम्हाला ठाऊकच आहे. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचं नाव शोधत माणसं पार औंधपासून माझ्या ओट्यावर येतात. मी चष्मा पुसतो, कागद उन्हाकडे धरतो, जरा जास्तच वेळ लावतो. लोक 'गुरुजी, गुरुजी' करतात. आवडतं मला ते — खोटं कशाला बोलू?

माझे आजोबा गावचे पोलीस पाटील. त्यांचं हजेरीचं दप्तर माझ्याकडे आहे. हजेरी कसली? इंग्रजांनी कायदाच केला होता, काही जाती जन्मानंच गुन्हेगार. आमच्या गावचे रामोशी त्यात आले. चोरी केलेली असो नसो, त्यांनी रोज चावडीपुढे उभं राहायचं आणि पाटलानं नाव पुकारायचं. गैरहजर लागला की तुरुंग.

आठेक वर्षांपूर्वी हौसाबाई आली ती या दप्तरासाठीच. ती रामोशांच्या आळीतली, रोजगारानं जाणारी. तिच्या पूनमचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि जात पडताळणीला जुना पुरावा हवा होता. घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही, सातबारा नाही — पुरावा आणायचा कुठून?

"आवं गुरुजी, पूनमच्या बाच्या आज्याची हजेरी हुती न्हवं चावडीवर? मग नाव असंलच की तुमच्या दप्तरात."

नाव होतं. पहिल्याच पानावर, जातीसकट. ज्या दप्तरानं आज्याला चोर ठरवलं, त्याच दप्तरानं पणतीचं शिक्षण झालं असतं. पण मी पानं उलटत गेलो — का उलटली असतील? — आणि त्याच नावापुढे आजोबांच्या हातची ओळ सापडली. 'हजेरीस उभा होता. आमचे मळ्यात राबण्यास येत नाही म्हणतो. सबब गैरहजर लावला.' खाली वेगळ्या शाईत: 'तीन महिने सजा.'

इतकी बिनधास्त ओळ! लपवावी असंसुद्धा त्यांना वाटलं नसेल. सुटून आल्यावर त्या माणसाची हजेरी एकदाही चुकलेली नाही. म्हणजे मळ्यात आला, फुकट राबला. गुलाम म्हटलं की मी वर्गात पोरांना आफ्रिका सांगायचो, जहाजं सांगायचो. आमच्या मळ्याचं नाव कधी निघालं नाही.

त्याच महिन्यात गावच्या वाचनालयाला आजोबांचं नाव द्यायचं ठरलेलं. हार, फोटो, सगळं. पहिल्या पानाची नक्कल दिली असती, तरी पडताळणीत मूळ दप्तर मागितलं असतं. माझ्यासारखाच कुणीतरी ती ओळ वाचली असती. मग?

मी दप्तर मिटलं. म्हणालो, "वाळवीनं खाल्लंय गं हौसाबाई. काही राहिलं नाही."

बस्स. एवढंच वाक्य. तिनं विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी पायलीभर शेंगा आणून दिल्या, गुरुजींनी एवढा वेळ घातला म्हणून. त्या आम्ही भाजून खाल्ल्या.

पूनमची जागा गेली. वाचनालयाला नाव लागलं; भाषण मीच केलं. आणि दप्तर? त्याला वाळवी लागलेली नाही. दर दिवाळीला मीच त्यात डांबराच्या गोळ्या घालतो.

गेल्या वर्षी सांगलीला माझं ऑपरेशन झालं. सकाळी वॉर्डात फरशी पुसणारी बाई एकदम थांबली. पूनम होती. दोन लेकरांची आई झालेली, हाताला फिनेलचा वास. तिनं माझी उशी नीट केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. म्हणाली, "तुमी आमच्यासाठी लय शोधलं हुतं गुरुजी. आय अजून नाव काढती तुमचं."

तेव्हा बोलता आलं असतं. वॉर्डात आम्ही दोघंच होतो, घाई कसलीच नव्हती.

मी म्हणालो, "अगं, त्यात काय!"

ती पाया पडायला वाकली. आणि मी — तिच्या डोक्यावर हात ठेवला.