सर्व्हेअर यायच्या आधी

अगं भिंगरी, हे खरं तर तुला वाचून दाखवायचं होतं. पण तू एका जागी बसशील तर ना! कुणी वाचायला घेतलं की तुला नेमक्या कपबशा विसळायच्या आठवतात. म्हणून लिहूनच काढते. आणि 'तू, तू' करत लिहिलं तर ओळीओळीला तोंड घालशील, "तसं नाही हो बाई, असं झालं." तेव्हा इथून पुढे तू 'ती'. गप्प बस आणि ऐक.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेवटचं दुकान तिच्या लॉन्ड्रीचं. पुढे फक्त उतार, बांबूची बेटं आणि पाणी. दुकान नवऱ्याने काढलं, पण तो हिशोबाचा आणि गप्पांचा माणूस. डागांशी झुंज हिचीच. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही, शाई चोळायची नाही, चिखल आधी वाळू द्यायचा आणि मग ब्रश मारायचा, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. नवरा गेला, मुलगा शहरात स्थिरावला, पण हिचं धुणं थांबलं नाही. डाग दिसला की तिच्या हाताला खाज सुटायची. कुणाच्या घरी चहाला गेली तरी बोलता बोलता त्यांच्या टेबलाची कड पुसून यायची. भिंगरी हे नाव तिला गावाने उगीच नाही दिलं.

विमा तिच्या गळ्यात मारला धाकट्या दिराने. तो विमा एजंट, आणि या सखल जिल्ह्यात पुराच्या पॉलिशा विकणं म्हणजे घसा कोरडा करणं. लोक म्हणायचे, नदी आमच्या आज्याच्या वेळेला एकदा आली होती, आता कशाला येतेय?

"वहिनी, नदी काय विचारून येणार आहे?" तो म्हणाला.

"तुमच्यासारखीच येईल. न सांगता, आणि नेमकी जेवायच्या वेळेला."

पण पॉलिसी तिने घेतली. दिराचं मन राखायला घेतली असं ती सांगते. मला विचाराल तर ती घाबरली होती. उन्हाळ्यातसुद्धा ती दिवसातून कितीदा तरी मागच्या दारातून नदी बघून यायची, जशी काही दुधाची पातेली गॅसवर ठेवली आहे.

आणि एक दिवस पातेली उतू गेली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार म्हणून कर्णा लावलेली गाडी फिरली. हिने गिऱ्हाइकांचा कपडा न् कपडा, कोट, चादरी, पडदे, टेकाडावरच्या शाळेत नेऊन टाकले. एक मोजा हरवला नाही. स्वतःचं काही नेलं नाही. धुण्याचं मोठं मशिन, पिळायचं मशिन, इस्त्रीचं टेबल, सगळं नदीच्या स्वाधीन.

पाणी ओसरलं तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ होता. खरकट्या भांड्यासारखा वास. भिंतीवर तिच्या खांद्याच्या उंचीला तपकिरी रेघ. दिराचा फोन आला.

"कंपनीला कळवलंय. सर्व्हेअर येऊन नुकसान बघून जाईल. तोवर काही हलवू नका."

"नाही हलवत," ती म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

मुलाचाही फोन आला. "आई, आता पुरे. इकडे ये. इथे तुला काही करावं लागणार नाही." सून गोड स्वभावाची, घर मोठं, प्रत्येक कामाला माणूस. दुसऱ्या कुणी ऐकून हात जोडले असते. हिने "बघू" म्हणून फोन ठेवला. काही करायचं नाही म्हणजे बाल्कनीतल्या खुर्चीत बसून लोकांच्या दोरीवरचे कपडे बघायचे, आणि तेही नीट धुतलेले नाहीत हे मनात ठेवायचं. पैसे मिळाले तर मशिन आणि लॉन्ड्री. नाही मिळाले तर खुर्ची. इतका सरळ हिशोब होता.

ती उंबऱ्यात उभी राहिली. थोडा वेळ खरंच राहिली. मग उंबरा धुतला, पाय घसरतो म्हणून. उंबरा स्वच्छ झाल्यावर आतला गाळ जास्तच दिसायला लागला. परका माणूस येणार आणि त्याने आपलं दुकान असं बघायचं? लॉन्ड्री आहे का उकिरडा? मग घमेल्यामागून घमेली उतारावर गेली. फरशी घासली. मशिनं बाहेरून सोडा लावून अशी चकचकीत केली की तोंड बघावं. स्वतःचे पडदे, टेबलावरची घोंगडी, कपडे बांधायच्या चादरी आधी वाळवल्या, मग झटकल्या, मग धुतल्या. शेजाऱ्याकडून इस्त्री आणून घड्याही घातल्या. भिंतीवरची रेघ पुसूनही भुताटकीसारखी वर यायची, म्हणून तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले.

सर्व्हेअर आला तो दिराच्या मोटरसायकलवर मागे बसून. दीर आत शिरला आणि त्याचं तोंड असं झालं की जणू त्याच्याच घरात चोरी झाली आहे.

"वहिनी! काही हलवू नका म्हणालो होतो ना?"

"हलवलं नाही हो काही. जिथल्या तिथे धुतलंय."

सर्व्हेअर सभ्य माणूस. गाळाने भरलेली घरं बघून दमलेला. त्याने तिने पुढे केलेल्या खुर्चीवरून हात फिरवला, हात पाहिला. "पाणी कुठवर आलं होतं?"

तिने खांद्याला हात लावून दाखवलं.

"भिंतीवर खूण?"

"पुसली की." तिच्या आवाजात चक्क अभिमान. "सहजासहजी जात नव्हती."

"फोटो काढले होते आधी?"

"त्या घाणीचे? फोटो?"

दिराने कपाळावर हात मारून घेतला. सर्व्हेअरने कॅमेरा उघडला आणि पुन्हा मिटला. "मावशी, या रस्त्यावर पाणी आलं हे मला मान्य आहे. पण तुमच्या मशिनचं त्याने काय झालं, ते मला दिसायला हवं. न दिसलेलं मी लिहू शकत नाही."

"चालत नाही ते. बटण दाबून बघा."

"जुनं झालं तरी मशिन चालत नाही."

आता तिला कळलं. आपल्याच हाताने आपण काय धुऊन टाकलं ते कळलं, आणि बाल्कनीतली खुर्ची डोळ्यांसमोर आली. ती एकदम बसली. तिला कुणी कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे दीर घाबरला. "वहिनी, पाणी आणू?"

"आणखी पाणी नको."

सर्व्हेअर हसू दाबत मशिनभोवती फिरला. मागे वाकून बघितलं. "मोटर उघडली होती का?"

"कशी उघडणार? तसले पाने कुठे आहेत माझ्याकडे? मिस्त्रीला बोलावलंय, तो सगळ्या गावाच्या मोटरी सोडवत बसलाय."

"तुमच्याकडे पाना नाही, हे देवाचे उपकार," दीर म्हणाला आणि मिस्त्रीला उचलून आणायला धावला.

मिस्त्रीने मागचं झाकण सैल केलं. झाकण सुटलं आणि गाळाचा लपका थपकन पडला, तिच्या घासलेल्या फरशीवर. आत तारांच्या वेटोळ्यात गाळ असा घट्ट बसला होता की तांबं दिसत नव्हतं. पिळायच्या मशिनचीही तीच कथा. वास सुटला. ती उठली. हातात फडकं कुठून आलं, तिलाच ठाऊक नाही.

"वहिनी, हात मागे!"

"अहो, निदान फरशीवरचं तरी."

"फरशीवरचंसुद्धा नाही!"

सर्व्हेअरने गाळ बोटांत चोळून पाहिला, फोटो काढायला लागला. इकडून, तिकडून, जवळून. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, फडकं मुठीत आवळून. बघायला पाहुणे आल्यावर वयात आलेल्या मुलीचे व्हावेत तसे तिचे कान लाल झाले होते. शेवटी राहवलं नाही.

"हे माझ्या दुकानातलं नाही बरं. नदीचं आहे."

"तेच तर लिहितोय, मावशी."

मशिनांची भरपाई मिळाली. पडदे, चादरी, टेबल, भिंत, यांना भोपळा.

"म्हणजे मी स्वच्छ धुतले म्हणून नाही?" तिने दिराला विचारलं.

"तसंच म्हणा."

हे तिने सगळ्या रस्त्याला सांगितलं. मशिनांचे पैसे मिळाले त्यापेक्षा चादरींचे का मिळाले नाहीत, हेच जास्त.

लॉन्ड्री पुन्हा सुरू झाली. पण पॉलिसीचं नूतनीकरण आलं तेव्हा कंपनीने अट घातली: मशिनं उंच ओट्यावर चढवा, नाही तर दुकान वर हलवा. तिने ओटा बांधला. आता कपडे टाकायला स्टुलावर चढते, दिवसभर चढ-उतर. मागच्या दाराच्या फेऱ्या वाढल्याच आहेत. मुलाचा फोन दर रविवारी येतो, आणि ती दर रविवारी "मशिन लावलंय" म्हणून ठेवून देते.

टेकाडावर शाळेच्या अलीकडे एक बंद पडलेलं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पाणी तिथवर येत नाही. मालक भाड्याने द्यायला तयार आहे, पण बोलायला लागला की सुटका नाही. "तुम्ही चला बाई," ती मला म्हणाली. "मला त्याचं बोलणं तोडता येत नाही. तुम्हाला येतं." मी म्हटलं, चल, उद्याच जाऊ. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे लॉजच्या चादरी आल्या. मग माझा गुडघा धरला. मग नदी आटली, वाळू दिसायला लागली, आणि ती म्हणाली, आता कसली घाई. आज सकाळपासून कर्ण्याची गाडी पुन्हा फिरते आहे. ती गिऱ्हाइकांचे कपडे शाळेत वाहून नेते आहे, आणि येता-जाता त्या बंद दुकानावरून जाते. आम्ही दोघी मिळून ते आतून अजून पाहिलेलं नाही.