आपापल्या वाटणीचा देश

किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साचतात, आणि खाली काढायला गेलं की कंबर धरते. मला तर हल्ली सांगायचाही कंटाळा येतो. पण परवा एकानं विचारलं, "तुमची ती आशियावाली मंडळी काय करतात हो?" मग बसलो सांगत.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या एका मराठी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण दर शनिवारी जमायचो. भूगोल शिकवून रिटायर झालेल्या कमलताईंनी प्रत्येकाला आशियातला एकेक देश वाटून दिला होता. आठवडाभर त्या देशाच्या बातम्या वाचायच्या आणि शनिवारी सांगायच्या. बाजार नुकता खुला झाला होता, घरोघर केबल येत होती, जग समजून घ्यायची सगळ्यांनाच घाई! पण झालं काय, की ज्याला जो देश मिळाला, त्याचं सगळं त्याच्याच अंगावर यायला लागलं.

*

माझ्याकडे जपान. एका रविवारी सकाळी सात वाजता शेजारच्या जोशीबाई दारात.

"तुमच्या जपानचा टीव्ही बंद पडला हो!"

मी बँकेत क्लार्क. मी काय करणार? तरी गेलो. प्लग सैल होता, तो दाबला. तेव्हापासून आमच्या गल्लीत मी जपानचा माणूस. आता जोशीबाईंचा मिक्सर बिघडला तरी मलाच हाक येते, आणि तो मिक्सर कोईमतूरचा आहे.

*

अनंतरावांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. उर्दू पेपर वाचणारे आमच्यात ते एकटेच, म्हणून पाकिस्तान त्यांच्या गळ्यात पडला.

क्रिकेटमध्ये आपण हरलो की शनिवारी त्यांच्याशी कुणी धड बोलायचं नाही. एकदा तर चहाही त्यांना सगळ्यांत शेवटी मिळाला. शेवटी म्हातारा वैतागला.

"मेरे कू क्या पूछते मियाँ? काल रात्री मी घरी झोपलो होतो की हो!"

*

अफझलगंजातले दोरखंडांचे व्यापारी सुधाकरशेठ यांच्याकडे थायलंड. तिथलं चलन कोसळलं, तेव्हा आम्ही चौघं सरळ त्यांच्या दुकानात भेटायला गेलो. शेठ गल्ल्यावर तोंड पाडून बसलेले.

"दुकानाला काही झळ बसली का?" मी विचारलं.

"दुकानाला काय होतंय? पण दर शनिवारी मी एवढं कौतुक केलं, आणि मला जराही कळलं नाही की हो!"

निघताना 'येतो' म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

*

मग केबलवर दिवसभर बातम्या सुरू झाल्या. शनिवारी सांगायला जावं, तर सगळ्यांना सगळं आधीच माहीत. मंडळी गळत गेली. राहिलेल्यांचाही उत्साह ओसरला. मी स्वतः जपानबद्दल काही वाचेनासा झालो, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

टिकून राहिले ते रेल्वेतून रिटायर झालेले तारनाक्याचे माधवराव. त्यांच्याकडे सिंगापूर. त्या काळात उठसूट जो तो हैदराबादचं सिंगापूर करायला निघालेला! रस्ता खणला की लोक माधवरावांनाच विचारायचे, "आमच्या गल्लीत कधी येणार तुमचं सिंगापूर?" ते हसून म्हणायचे, "पाइप टाकून झाले की येईल!"

पुढे त्यांचा एकुलता एक संजय कॉम्प्युटरच्या नोकरीवर तिथेच गेला. दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. माधवरावांनी त्याच्यासाठी घरावर मजला चढवला, बाथरूमला गुलाबी टाइल्स लावल्या. दोनाची पाच वर्षं झाली तेव्हा ते स्वतःच त्याला विचारायला गेले, आणि ठरल्याच्या आधीच परतले.

त्या शनिवारी आम्ही मुद्दाम सगळे जमलो.

"कसं आहे सिंगापूर?"

"स्वच्छ आहे."

"आणि संजय?"

"मजेत आहे. फ्लॅट घेतला त्यानं तिथं."

मला फार वाईट वाटलं. मजल्यावरच्या त्या टाइल्स त्यांनी हौसेनं आम्हाला नेऊन दाखवल्या होत्या.

चहा झाल्यावर माधवराव म्हणाले, "कमलताई, मला देश बदलून द्या."

"कुठला देऊ?"

"कुठलाही द्या. पोरं जात नाहीत असा."

ताई उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. त्यांचं बोट बराच वेळ इकडून तिकडे फिरत राहिलं.

"मंगोलिया चालेल?"

माधवरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विचारलं,

"तिकडे कॉम्प्युटरची कामं निघाली नाहीत ना अजून?"